मसाल्यातली रामपत्री येते कुठून?

वर्षाचा मसाला करायला घेतला. सुपातली रामपत्री उचलून नाकाला लावली, तर वास जवळजवळ नाहीच. जायफळावरच्या जायपत्रीची सर हिला नाही. पण स्वस्त पडते, म्हणून सगळेच घेतात. मीही घेतली.

हिचं झाड म्हणजे आपलं रानजायफळ. जायफळ मुळात बांदा बेटांवरचं, इथे बागेत लावलेलं. रानजायफळ मात्र कोकणापासून केरळपर्यंतच्या सह्याद्रीतलंच. जगात दुसरीकडे कुठे आपणहून उगवत नाही. आययूसीएन या निसर्ग जपणाऱ्या जागतिक संस्थेच्या लाल यादीत ते 'असुरक्षित', म्हणजे नामशेष होण्याचा धोका असलेलं आहे.

सिंधुदुर्गात दोडामार्गकडच्या एका काकांनी मला ते दाखवलं होतं. कोयत्याचं टोक सालीला लागलं आणि लालभडक चीक ओघळला, बोट कापल्यासारखा. (मी ओरडले, काका हसले.) खाली एक फळ उकलून पडलेलं, वरून तपकिरी लव. आत लांबट बी आणि तिला कवळून बसलेली पत्री. या पत्रीसाठीच धनेश पक्षी अख्खी बी गिळतो आणि नंतर लांब कुठेतरी टाकून देतो. माणूस मात्र फळ पिकायच्या आधीच फांदीसकट उतरवतो.

शेजारच्या झाडाला काका म्हणाले, "ह्यो नर, फळ नाय धरणार. जळणाक जातलो." या झाडात नर-मादी वेगळे असतात. नर गेले तर मादीला तरी फळं कशी धरणार?

चार बिया घरी आणल्या, कागदात गुंडाळून ठेवल्या आणि विसरले. तीन आठवड्यांनी पेरल्या, एकही रुजली नाही. ही बी वाळली की मेली. त्यामुळे पाकिटातून बिया वाटून हे झाड वाढणार नाही.

तिथल्याच हेवाळे-बांबर्ड्याच्या देवराईत याच्या भाऊबंदांची, म्हणजे जायफळाच्या कुळातल्या झाडांची दलदल आहे, २०२१ मध्ये तिला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. बरं झालं. पण सिंधुदुर्गातलं बरंचसं रान खाजगी मालकीचं, त्याला ना देवाचा धाक ना दर्जाचा. तिथे झाड उभं ठेवायचं तर मालकाला त्यातून चार पैसे सुटायला हवेत. म्हणून 'रामपत्री घेऊच नका' हे मला पटत नाही. कच्ची ओरबाडलेली नको, एवढंच.

दुकानदाराला म्हटलं, झाडाखाली पिकून पडलेली पत्री आणा, जायपत्रीच्या भावाने घेते. तो वजन करता करता म्हणाला, "ताई, पत्रीत पिकलेली-कच्ची कोण बघतंय?"