पाणबुडी क्युबाच्या नौदलाने बुडवली, हेमिंग्वेने नाही

भाच्याने वक्तृत्व स्पर्धेसाठी लिहिलेलं भाषण वाचलं आणि संताप आला. सगळं एका फॉरवर्डवरून उचललेलं: दुसऱ्या महायुद्धात क्युबाचं नौदल घाबरून बंदरात दडून बसलं, तेव्हा अमेरिकी लेखक अर्नेस्ट हेमिंग्वेने आपल्या मासेमारीच्या मोटरबोटीतून दोन जर्मन पाणबुड्या बुडवल्या आणि अमेरिकेने त्याला पदक दिलं.

दोन सोडा, एकही नाही. हेमिंग्वेची 'पिलार' ही ३८ फुटांची लाकडी बोट. मासे पकडत असल्याचं सोंग करायचं, पाणबुडी जवळ आली की तिच्या उघड्या झाकणातून हातबॉम्ब आत टाकायचे, असा बेत होता. अडीचशे फुटांच्या आणि डेकवर १०.५ सेंटिमीटरची तोफ असलेल्या पाणबुडीने इतकं जवळ यायचंच कशाला? १९४२-४३ मध्ये त्याने गस्त घातली, चकमक एकदाही झाली नाही. युद्धानंतर जर्मन नौदलाची कागदपत्रं दोस्त राष्ट्रांच्या हाती आली. बुडालेल्या पाणबुड्यांचा हिशेब त्यांवरून लागला, त्यात 'पिलार'च्या खात्यावर काही नाही.

अमेरिकी वकिलातीने त्याला इंधन आणि शस्त्रं पुरवली, हे मात्र खरं. खासगी बोटी गस्तीला लावणं हाही वेडेपणा नव्हता. १९४२ मध्ये अमेरिकेच्या तटरक्षक दलाने पूर्व किनाऱ्यावर शिडाच्या आणि मोटरच्या खासगी बोटी टेहळणीला धाडल्या होत्या. त्यांचं मुख्य काम नजर ठेवणं आणि रेडिओवरून कळवणं.

सगळ्यात चीड आणणारं वाक्य क्युबाच्या नौदलाबद्दलचं आहे. १३ मे १९४३ रोजी यू-१७६ या जर्मन पाणबुडीने 'मांबी' हे क्युबाचं जहाज बुडवलं. दोनच दिवसांनी क्युबाची सीएस-१३ ही ८३ फुटांची लाकडी गस्ती नौका व्यापारी जहाजांना सोबत करत होती. अमेरिकी विमानाने तीच पाणबुडी हेरून धुराची खूण टाकली. सोनारवर, म्हणजे पाण्याखालच्या वस्तू आवाजाने शोधणाऱ्या यंत्रावर, नॉर्बेर्तो कोलादो कान लावून बसला होता. पाण्याखालची पाणबुडी त्याने आवाजावरून पकडली, कप्तान मारिओ रामिरेस देलगादोने डेप्थ चार्ज, म्हणजे पाण्याखाली फुटणारे बॉम्ब, टाकायला लावले. पाणबुडीतला एकही जण वाचला नाही. बंदरात दडून बसलेले म्हणे! हाच कोलादो १९५६ मध्ये फिडेल कॅस्ट्रो आणि त्याचे साथीदार ज्या 'ग्रान्मा' बोटीतून क्रांतीसाठी क्युबाला आले, तिच्या सुकाणूवर होता.

पदकाचं म्हणाल तर १९४७ मध्ये हेमिंग्वेला ब्राँझ स्टार हे अमेरिकी लष्करी पदक मिळालं, ते युरोपात युद्धवार्ताहर म्हणून केलेल्या कामाबद्दल.