ती ओळ शेवटपर्यंत वाचा की रे!

गणपतीत गावी जागरण. ओटीवरचा पत्त्यांचा डाव मोडतो, कुणीतरी डंजन्स अँड ड्रॅगन्सचे (पात्रं होऊन गोष्ट खेळायची, फाशांनी निकाल लावायचा) फासे काढतं, बाहेर पाऊस, लाइट गेलेली. भूत आणायला याहून बरी वेळ कुठली? भूत येतं. आणि डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा, छाती फुगवून सांगतो, "याला तलवार लागतच नाही."

लागते रे बाबा, लागते! २०१४च्या नियमांत घोस्टपुढे (आपल्या या भुतापुढे) शस्त्रांसाठी रेझिस्टन्स लिहिलाय, इम्युनिटी नाही. रेझिस्टन्स म्हणजे डॅमेज (हल्ल्याने होणारी इजा) निम्मं, अपूर्णांक सोडून द्यायचा. ७ चे ३. इम्युनिटी म्हणजे शून्य, आणि ती घोस्टला फक्त कोल्ड (थंडी), नेक्रॉटिक (मरणाची जादू) आणि पॉयझन या प्रकारांपुरती. ॲसिड, फायर, लाइटनिंग, थंडर निम्मं. ब्लजनिंग, पिअर्सिंग, स्लॅशिंगही (ठेचणं, भोसकणं, कापणं) निम्मं, पण ते जादू नसलेल्या हल्ल्यातून आलं तरच! ओळीचं हे शेपूट वाचायला काय पैसे पडतात? +१ ची (म्हणजे जादूची) तलवार असेल तर पूर्ण डॅमेज. 'मॅजिक वेपन' मंत्र टाकलात (दुसऱ्या लेव्हलचा स्लॉट, म्हणजे मंत्रांच्या साठ्यातला एक, खर्च; कॉन्सन्ट्रेशन, म्हणजे लक्ष, टिकलं तर तासभर) तरी पूर्ण. शिलेली मंत्र लावलेली ड्रुइडची (निसर्गाच्या जादूगाराची) काठी पूर्ण. सहाव्या लेव्हलच्या मंकचा (हातांनी लढणाऱ्या पात्राचा) साधा गुद्दासुद्धा पूर्ण! आणि यातलं काहीच जवळ नसलं तरी ४५ हिट पॉइंटचं (एवढी इजा झाली की संपलं) भूत ९० चं होतं, एवढंच. अमर होत नाही. डीएमच्या 'लागतच नाही'मुळे बिचारा फायटर मात्र दोन तास मोबाइल चाळत बसतो.

त्याहून डोकं फिरवणारा प्रकार म्हणजे सगळी बेरीज करून मग निम्मं करणारे. पॅलाडिनने (व्रतस्थ योद्ध्याने) साध्या तलवारीने ८ स्लॅशिंग मारलं, वर पहिल्या लेव्हलचा स्लॉट जाळून स्माइट (फटक्यावर जास्तीचा दैवी तडाखा) केला. समोर अनडेड (भूतखेत), म्हणून २ ऐवजी ३ डी८ (आठ बाजूंचे फासे), समजा १३ रेडियंट (दैवी तेजाचं डॅमेज). हिशेब असा: ८ चे ४, अधिक १३, एकूण १७. हे महाभाग २१ चे निम्मे करून १० लिहितात. सात पॉइंट खाल्ले की हो! प्रत्येक प्रकाराचं निम्मं वेगळं करायचं असतं. उलट रोग (Rogue, लपूनछपून मारणारं पात्र) याची स्नीक अटॅक (संधी साधून केलेलं जादा डॅमेज) शस्त्राच्याच प्रकारची, ती शस्त्राबरोबरच निम्मी होते. तिथे मात्र रोगवाला भांडत बसतो.

मग चांदी. "भूत आहे ना, चांदीचं पातं लाव." १०० सोन्याची नाणी मोजून शस्त्राला चांदी चढवायची आणि घोस्टसमोर तिचा उपयोग शून्य. स्पेक्टर, बॅन्शी, शॅडो ही बाकीची भुतं, सगळीकडे तेच. २०१४च्या पुस्तकात या मंडळींपैकी चांदीची सूट लिहिलीय ती रेथ या भुतापुढे. आजीने लोखंडाचा खिळा उशाशी ठेवायला सांगितला असेल, तर आजी थोर आहे, पण नियमांत लोखंडाला वेगळा भाव नाही. भूत जाळाला भितं म्हणून जळती मशाल मारलीत तर फायरचा एकच पॉइंट, निम्मा करून शून्य. जाळ्यात धरायचं म्हणाल, तर घोस्टला ग्रॅपल्ड (धरलेला), रिस्ट्रेन्ड (जखडलेला), प्रोन (आडवा पडलेला) यातलं काहीच लागू होत नाही. रापण लावून ओढायला तो काय बांगडा आहे?

खरं औषध स्वस्तात मिळतं, ते कुणी विकत घेत नाही. होली वॉटर (पवित्र पाणी), २५ नाण्यांना एक कुपी, २० फुटांपर्यंत फेकता येते, अनडेडला २ डी६ रेडियंट. शॅडोला रेडियंटची व्हल्नरेबिलिटी, म्हणजे दुप्पट: सरासरी ७ चे १४, आणि त्याचे हिट पॉइंट सगळे मिळून १६!

चकव्यासाठी विल-ओ-विस्प (भटकता उजेड) वापरता ना? छान. मग एसी (हल्ला लागायला गाठायचा आकडा) १९ वर बाण मारून हात का दुखवून घेता? मॅजिक मिसाइल मंत्राला टू-हिट फासा (लागलं की चुकलं ते ठरवणारा) टाकायचाच नसतो. फोर्स (निव्वळ जादूच्या जोराचं) डॅमेज, पहिल्या लेव्हलला तीन मिसाइल मिळून सरासरी साडेदहा, त्याचे हिट पॉइंट २२. फक्त तो दिसत असताना टाका, अदृश्य झाल्यावर बोंबलू नका.

आणि कृपा करून पुस्तकांची खिचडी थांबवा. २०२५च्या मॉन्स्टर मॅन्युअलात 'जादू नसलेल्या' ही अट गेली. त्या घोस्टला +१ ची तलवारही निम्मीच लागते. त्याच्या भरपाईला नव्या नियमांत मंकच्या गुद्द्याला फोर्स डॅमेज दिलंय. जुना मंक आणि नवं भूत एकत्र बसवलंत तर मंकचा चट्टामट्टा, आणि वर "रूल्स आहेत बाबा" ऐकायचं.

रूल्सच काढायचे तर पुरते काढा. भूत चिऱ्याच्या भिंतीत घुसवून, "आता मारा कसं मारता ते" म्हणून दात काढता ना? भिंतीतून जाणं फुकट, पण टर्न भिंतीतच संपली तर त्याला १ डी१० फोर्स, आणि फोर्सला घोस्टचा रेझिस्टन्स नाही. टाका फासा, करा ४५ मधून वजा. आमच्यासमोर.