ओटीपी आला का ओ?

महिन्याची २० तारीख म्हणजे आम्हा कर सल्लागारांच्या धंद्यातली अमावास्या. जीएसटीआर-३बी, म्हणजे व्यापाऱ्यांचं जीएसटीचं महिन्याचं रिटर्न, भरायची ती शेवटची मुदत. बेळगावच्या खडेबाजार आणि गणपत गल्लीतले माझे व्यापारी महिनाभर गप्प असतात आणि १९ तारखेच्या रात्री बिलांच्या पिशव्या घेऊन जिना चढतात. गेल्या महिन्यात मी ठरवलं, या खेपेला १५ तारखेलाच सगळं उरकायचं. आडवा येणारा एकच होता. तो टेबलावर पालथा पडून दर दोन मिनिटांनी थरथरत होता.

माझा फोनच सांगतो की मी रोज ५ तास ४० मिनिटं त्याच्यात असतो. दुसऱ्यांच्या वह्यांतले चार आण्यांचे फरक शोधून पोट भरणाऱ्या माणसाला हा आकडा चांगलाच झोंबला. बरं, एवढा वेळ बघितलं काय? काल रात्री कुणीतरी चिखलाने माखलेला गालिचा धुऊन स्वच्छ करत होतं, एवढंच आठवतं. शेवटपर्यंत बघितलं. आमच्या घरात गालिचा नाही.

यामागे एक कारागिरी आहे. २००६ साली अझा रास्किन नावाच्या माणसाने बोट फिरवत राहिलं की मजकूर खाली येतच राहील, पान कधी संपणारच नाही, अशी सोय शोधली. पुढे त्याला स्वतःलाच त्याचा पश्चात्ताप झाला म्हणे. आपल्याकडे पंगतीत वाढपी निदान विचारतो तरी, आणि पानावर आडवा हात धरला की पुढे सरकतो. इथे वाढप्याला हात दिसतच नाही. मांडे संपले की बुंदी, बुंदी संपली की परत मांडे.

कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या ग्लोरिया मार्क बाईंनी कचेऱ्यांत माणसं कशी काम करतात ते बसून पाहिलं. काम मध्येच तुटलं की परत त्यावर यायला सरासरी २३ मिनिटं लागतात, असं त्या सांगतात. मी लगेच कॅल्क्युलेटर ओढला. सकाळी ९ ते दुपारी १ म्हणजे २४० मिनिटं. दहा वेळा फोन उचलला की जेवायची वेळ. हा हिशेब पुरा करायला मला अर्धा तास लागला, कारण कॅल्क्युलेटर फोनमध्येच होता.

मग उपाय सुरू केले. आधी ॲपवर रोजची अर्ध्या तासाची मर्यादा घातली. वेळ संपली की फोन सांगतो, आता बास. पण मर्यादा घालणारा मी आणि उठवणारा पण मीच. चोर आणि फौजदार एकाच घरात जेवायला बसल्यावर पंचनामा कोण करणार? मुलीने दुसरा उपाय सांगितला. "बाबा, पडदा काळा-पांढरा करा, रंग नसले की मन उडतं." केला. पहिल्याच झटक्याला समोर कुंद्याचा व्हिडिओ आला. बेळगावचा तो खरपूस, तांबूस कुंदा, आणि दिसत होता कालवलेल्या सिमेंटसारखा! मन खरंच उडालं. दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी कापडवाल्या क्लायंटने साडीच्या बिलांबरोबर मालाचे फोटो पाठवले आणि मी फोनवर त्यांना म्हणालो, "या करड्या रंगाचा लॉट बराच पडून राहिलाय वाटतं." पलीकडे शांतता. मग हळूच, "साहेब, ती अंजिरी आहे ओ. डोळे दाखवून या एकदा."

त्या रात्री रंग परत आले.

खरा पेच वेगळाच आहे. फोन लांब ठेवा असं सांगणाऱ्यांना कधी रिटर्न भरावं लागलेलं दिसत नाही. मी इकडे बटण दाबणार, ओटीपी जाणार व्यापाऱ्याच्या फोनवर. तो ईमेलवरही जातो, पण ईमेलचा पासवर्ड पुण्याला गेलेल्या मुलाकडे असतो. मग मी फोन करायचा. "ओटीपी आला का ओ?" "बघतो की. गिऱ्हाईक आहे, व्हॉट्सॲपवर टाकतो." व्हॉट्सॲपवर म्हणजे मला व्हॉट्सॲप उघडावं लागणार. उघडलं की तिथे खानापूरच्या मामांनी पावसाचा व्हिडिओ टाकलेला असतो. जांबोटीच्या रस्त्यावरचं धुकं बघून होईपर्यंत ओटीपीची मुदत संपते. मग पुन्हा बटण, पुन्हा फोन, पुन्हा "बघतो की." कामाचं दार आणि करमणुकीचं दार एकाच चौकटीत बसवल्यावर माणसाने ठेच कुठे चुकवावी?

तरीही फोन दुसऱ्या खोलीत ठेवून बघितला. २०१७ साली टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांनी हीच परीक्षा घेतली होती. फोन बंद असला तरी नुसता टेबलावर असला की डोकं कमी चालतं, दुसऱ्या खोलीत असला की बरं चालतं, असं त्यांना आढळलं. मी विश्वास ठेवला. आमच्या घरात दुसरी खोली म्हणजे आईची खोली.

आता हा उपाय आमच्या गल्लीत सामुदायिक करायचाही प्रयत्न झाला. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावात २०२२ पासून संध्याकाळी ७ वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाइल बंद, ही बातमी कुणीतरी मंडळाच्या ग्रुपवर टाकली. सगळ्यांनी अंगठे दाखवले. मग भोंगा कुठल्या देवळावर लावायचा, त्याखाली पाटी कन्नडमध्ये की मराठीत, पाटी हवीच कशाला, असं करत रात्री साडेबारापर्यंत १४० मेसेज झाले. मी सगळे वाचले. भोंग्याला भाषा नसते, एवढा एकच शहाणपणाचा मेसेज मंडळाच्या खजिनदारांनी टाकला आणि पाठोपाठ शुभ रात्री म्हणून चंद्र टाकला.

तर, फोन आईच्या खोलीत. तीन दिवस मी राजासारखं काम केलं. नोंदी जुळल्या, खरेदीवर भरलेल्या कराचं क्रेडिट जुळलं, ११ व्यापाऱ्यांची रिटर्न मांडून तयार झाली. ओटीपीपुरता आत जायचो, तर आई चष्मा लावून फोन हातात घेऊन बसलेली. "थांब रे, कीर्तन रंगात आलंय," म्हणायची. मी म्हटलं, निदान एकाचं तरी व्यसन सुटतंय.

२० तारखेला दुपारी ११ पैकी १० जणांचे ओटीपी आले. राहिले कापडवाले. फोन लावला, उचलेनात. संध्याकाळी लावला, लग्नाला निपाणीत. रात्री पावणेबाराला उचलला. मी घामाघूम. "अहो, ओटीपी पाठवा की!"

"कशाला? झालं की काम."

"कुणी सांगितलं?"

"तुम्हीच की ओ. सकाळी गुलाब पाठवलात."

रिटर्न भरून झालं की व्यापाऱ्याला फुलाचं चित्र पाठवायचं, ही माझी पाच वर्षांची पद्धत. आईला ती माहीत असण्याचं कारण नव्हतं. तिने आपली पहाटे साडेपाचला उठून, माझ्या फोनमध्ये जेवढी नावं होती तेवढ्यांना, दव पडलेला गुलाब आणि "सुप्रभात" पाठवलं होतं. तीन दिवस, रोज. कापडवाल्यांच्या हिशेबी त्यांचं रिटर्न तीनदा भरून झालं होतं.

वाद घालण्यात बारा वाजले. एका दिवसाचा उशीर, ५० रुपये दंड. तो मी माझ्या खिशातून भरला, कारण "गुलाब कुणी पाठवला" हे त्यांना सांगायची सोय नव्हती.

२१ तारखेला सकाळी सातला बटण दाबलं आणि आईच्या खोलीच्या दारात उभा राहिलो. दोन मिनिटांत फोन थरथरला. आईने चष्म्यावरून बघितलं आणि फोन माझ्यापुढे धरला. कापडवाल्यांचा मेसेज होता. वर सहा आकडे, आणि खाली आमचाच गुलाब, फॉरवर्ड करून.

"माणूस चांगला आहे हो," आई म्हणाली. "उत्तर पाठवतो."