‘मनोविकाराच्या गोळ्यांनी माणूस २५ वर्षं आधी मरतो’ : या मेसेजला मुद्देसूद उत्तर

गेले काही महिने एक लांबलचक मेसेज घरोघरच्या ग्रुपवर फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: स्किझोफ्रेनिया (भास आणि भ्रम होणारा आजार), बायपोलर (कधी उन्माद तर कधी टोकाची उदासी येणारा आजार) अशा आजारांवर गोळ्या घेणारी माणसं इतरांपेक्षा २५ वर्षं आधी मरतात, हे अमेरिकेच्या सरकारी अहवालात सिद्ध झालंय. या गोळ्या निघण्याआधी असली माणसं पूर्ण आयुष्य जगायची. गोळ्यांनी वजन आणि शुगर वाढून हार्ट अटॅक येतो. ज्यांना येत नाही, ती आत्महत्या करतात. म्हणून घरात कुणी या गोळ्या घेत असेल तर आजच बंद करा. प्राणायाम आणि काढा पुरेसा आहे.

माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे आणि आमच्यासारख्या शुभंकरांच्या, म्हणजे रुग्णाची काळजी घेणाऱ्या घरच्यांच्या, स्वमदत गटात मी नेमानं जाते. तिथे एका आईनं हा मेसेज वाचून मुलाच्या गोळ्या परस्पर थांबवल्या होत्या. पुढचे काही आठवडे त्या घरानं जे सोसलं ते पाहिल्यावर गप्प बसणं मला जमत नाही.

आधी आकड्याबद्दल. आकडा हवेतला नाही, म्हणूनच मेसेज खरा वाटतो. अमेरिकेतल्या राज्यांच्या मानसिक आरोग्य संचालकांच्या संघटनेनं २००६ साली एक अहवाल काढला होता, त्यातला हा आकडा आहे. पण त्या अहवालामागची मोजणी गोळ्या घेणाऱ्यांची विरुद्ध न घेणाऱ्यांची नव्हती. ती काही राज्यांत सरकारी मानसिक आरोग्यसेवा घेणाऱ्या माणसांची होती, म्हणजे बहुतांशी गरिबांची. मृत्यूची कारणं सांगताना त्याच अहवालात धूम्रपान, लठ्ठपणा, वेळेवर न मिळणारे उपचार आणि काही औषधांचे दुष्परिणाम हे सगळं एकत्र आलं होतं. मेसेज लिहिणाऱ्यानं त्यातलं शेवटचं तेवढं उचललं. पुढे अनेक देशांतले अभ्यास एकत्र करून २०१७ साली जो हिशोब झाला, त्यात स्किझोफ्रेनियात सरासरी साडेचौदा वर्षांचं आयुष्य कमी होतं असं दिसलं. जागतिक आरोग्य संघटना गंभीर मानसिक आजारांसाठी १० ते २० वर्षं म्हणते. हासुद्धा भयंकर आकडा आहे. तो लपवायचा नाहीच, उलट ओरडून सांगायचा आहे. फक्त त्याचं खापर कुणावर फोडायचं, हे नीट बघून ठरवायला हवं.

‘गोळ्या येण्याआधी पूर्ण आयुष्य जगायची’ हा मुद्दा तर सपशेल खोटा. भास-भ्रमांवरचं पहिलं आधुनिक औषध (अशा औषधांना अँटिसायकॉटिक म्हणतात), क्लोरप्रोमाझिन, फ्रान्समध्ये १९५२ साली वापरात आलं. त्याच्या शंभरहून अधिक वर्षं आधी, १८४१ मध्ये, इंग्लंडमधल्या विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञानं वेड्यांच्या इस्पितळांतले मृत्यू मोजून दाखवले होते. ते बाहेरच्या लोकांपेक्षा कितीतरी पटींनी जास्त होते. क्षय, जुलाब, उपासमार यांनी माणसं पटापट जायची. तेव्हा कुठली गोळी होती? अलीकडचा दाखला हवा असेल तर इथिओपियातल्या बुटाजिरा या ग्रामीण भागाचा घ्या. तिथल्या बहुतेक रुग्णांना अभ्यास सुरू होईपर्यंत कसलाच उपचार मिळालेला नव्हता. त्यांचा दहा वर्षं मागोवा घेतला, तेव्हा मृत्यू पावलेली माणसं अंदाजे तीस वर्षं आधी गेली होती आणि त्यातली जवळजवळ निम्मी संसर्गजन्य आजारांनी. आपल्याकडे २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात गंभीर मानसिक आजार असलेल्या दर चार जणांपैकी जवळपास तिघांना उपचारच मिळत नव्हते. ज्यांच्या पोटात गोळी गेलीच नाही, त्यांचं आयुष्य गोळीनं कसं कमी केलं?

आता वजन, शुगर आणि हृदयविकार. या मुद्द्यात तथ्य आहे आणि ते मान्य करूनच पुढे जायला हवं. ओलांझापिन आणि क्लोझापिन या स्किझोफ्रेनियावरच्या औषधांनी वजन वाढतं, अनेकांचं झपाट्यानं वाढतं. शुगर आणि चरबीचं प्रमाण बिघडतं. क्लोझापिननं क्वचित पांढऱ्या पेशी इतक्या घटतात की जिवावर बेतू शकतं, म्हणून सुरुवातीला दर आठवड्याला सीबीसी (रक्तपेशी मोजण्याची तपासणी) करावी लागते. त्याच औषधानं होणारी तीव्र बद्धकोष्ठताही जीवघेणी ठरू शकते. भावाला रोज शौचाला झालं का, हे आम्ही घरी न लाजता विचारतो.

पण गोळ्याच माणसं मारत असतील, तर ही औषधं घेणारे लवकर जायला हवेत आणि न घेणारे उशिरा. फिनलंडमध्ये हे तपासता आलं, कारण तिथे प्रत्येक रुग्णाच्या औषधांची आणि मृत्यूची सरकारदरबारी नोंद असते. स्किझोफ्रेनियाच्या ६२ हजारांहून अधिक रुग्णांचा जास्तीत जास्त वीस वर्षं मागोवा घेणारा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. ज्या काळात कुठलंच अँटिसायकॉटिक औषध चालू नव्हतं त्या काळासाठीचं एकूण मृत्यूप्रमाण ४६ टक्क्यांच्या घरात निघालं, औषध चालू असतानाचं सुमारे २६ आणि क्लोझापिन चालू असतानाचं १६ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे वजन वाढवण्यात सर्वात बदनाम असलेलं औषध घेणारेच सर्वात जास्त जगले. यावर एक रास्त शंका निघते: जे थोडे सावरलेले असतात तेच गोळ्या नियमित घेतात, त्यामुळे फरक मोठा दिसत असेल. ही शंका मला मान्य आहे. तरीसुद्धा गोळ्याच माणसं मारत असत्या, तर आकडे इतके उलट्या दिशेला गेले नसते.

मग माणसं जातात कशानं? हृदयविकार, मधुमेह, फुप्फुसांचे आजार, कर्करोग. म्हणजे तुम्हाआम्हाला होतात तेच आजार, फक्त लवकर होतात आणि उशिरा सापडतात. बिडी-सिगारेटचा यात फार मोठा वाटा आहे. त्यातही एक गुंतागुंत आहे, ती घरच्यांना क्वचितच कुणी सांगतं: धुरामुळे यकृत क्लोझापिन आणि ओलांझापिन लवकर संपवतं. त्यामुळे बिडी एकदम सुटली की त्याच डोसवर रक्तातलं औषध वाढतं, पेंग आणि लाळ वाढते, आणि घरच्यांना वाटतं बिडी सोडल्यानं आजार बळावला. बिडी सोडवायचीच, पण डॉक्टरांना सांगून.

दुसरं कारण आहे दुर्लक्ष, आणि याचा मला सर्वात जास्त राग आहे. मागच्या पावसाळ्यात भावाच्या छातीत दुखायला लागलं. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांनी चालू औषधं विचारली. मी क्लोझापिन म्हटलं आणि त्यांचं लिहिणं थांबलं. “सायकियाट्रीची केस आहे का? टेन्शनचं असेल, त्यांच्याच डॉक्टरांना दाखवा.” भाऊ समोर बसलेला असताना सगळे प्रश्न मला विचारत होते. मी अडून बसले म्हणून ईसीजी निघाला, तो ठीक होता. पण सिस्टरनी बीपी घेतलं ते १७० वर ११०. इतकी वर्षं दर महिन्याला आम्ही ओपीडीत जात होतो. झोप, भास, चिडचिड सगळं विचारलं जायचं, पण त्याच्या दंडाला बीपीचा पट्टा कुणी कधी बांधला नव्हता.

हे एकट्या आमच्या वाट्याला आलेलं नाही. डेन्मार्कसारख्या देशात, जिथे उपचाराला पैसे पडत नाहीत, तिथेही गंभीर मानसिक आजार असलेल्यांच्या हृदयावरच्या प्रक्रिया इतरांपेक्षा कमी होतात आणि हृदयविकारानं मरण्याचं प्रमाण मात्र जास्त असतं, असं तिथल्या नोंदी सांगतात.

आत्महत्येचा मुद्दा. धोका खरा आहे, विशेषतः आजाराच्या पहिल्या काही वर्षांत आणि इस्पितळातून घरी आल्यानंतरच्या दिवसांत. पण हार्ट अटॅक न येणारे बाकीचे सगळे आत्महत्या करतात, हे साफ चूक. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या मनोरुग्णांच्या १९८५ ते २००५ या काळातल्या नोंदी तपासल्या तेव्हा सर्वसामान्य लोकांपेक्षा जे जादा मृत्यू झाले त्यांपैकी सुमारे १४ टक्के आत्महत्येचे निघाले आणि तीन चतुर्थांशांहून जास्त शारीरिक आजारांचे. शिवाय आत्महत्येचा धोका कमी करण्याबाबत ज्या औषधांचे पुरावे सर्वात भक्कम आहेत, त्यांत लिथियम (बायपोलरवरचं औषध) आणि क्लोझापिन आहेत. मेसेज नेमकी तीच बंद करायला सांगतो.

आणि ‘आजच बंद करा’. लिथियम एकदम तोडलं तर उन्माद उसळून येऊ शकतो. क्लोझापिनला दोन दिवसांहून जास्त खंड पडला तर जुना डोस परत थेट देता येत नाही, साडेबारा मिलिग्रॅमपासून पुन्हा चढत जावं लागतं. प्राणायामाला माझा विरोध नाही, भाऊ रोज सकाळी करतो, गोळी घेऊन. पण औषधाशिवाय नुसत्या श्रद्धेवर सोडलेल्या माणसांचं काय होतं, ते तमिळनाडूतल्या एर्वाडी या दर्ग्याच्या गावानं दाखवलंय. ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे तिथल्या एका आश्रयगृहाला आग लागली आणि साखळ्यांनी बांधलेली २८ माणसं जळून मेली. त्यांना पळता आलं नाही.

डोस जड होत असेल, वजन वाढत असेल, तर ते डॉक्टरांना सांगणं हा शुभार्थीचा, म्हणजे रुग्णाचा, हक्क आहे. डोस कमी करता येतो, औषध बदलता येतं, वजनासाठी मेटफॉर्मिन हे मधुमेहावरचं औषध जोडता येतं. औषध सुरू करताना, तीन महिन्यांनी आणि मग दरवर्षी वजन, कमरेचा घेर, बीपी, शुगर आणि लिपिड (रक्तातली चरबी) तपासून घ्या. डॉक्टर विसरले तर तुम्ही मागा. मानसिक आजाराच्या रुग्णाला शारीरिक आजाराच्या रुग्णाइतकीच वागणूक मिळाली पाहिजे, असं २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा सांगतो. कॅज्युअल्टीत कुणी हात झटकले तर हे तोंडावर सांगा. आणि गोळ्यांबद्दल रात्रीबेरात्री शंका आली, जवळ डॉक्टर नसला, तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी फोन नंबर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. ज्यांनी तो मेसेज पाठवला, त्यांना हा नंबर पाठवा.