बोटांवर मोजू द्यावे

‘पहिलीतच बोटांवर मोजण्याची सवय मोडावी, नाहीतर मूल पुढे त्यातच अडकते’ हे पहिलीच्या गणितावरील लेखातील विधान मला मान्य नाही. गोव्यातील डिचोली तालुक्यात मराठी प्राथमिक वर्गांना शिकवताना मी पाहते की, ३ अधिक ५ करताना मूल आधी तीन बोटे मोजते, मग पाच, आणि नंतर सगळी पुन्हा एकपासून मोजते. काही काळाने तेच मूल मोठी संख्या मनात धरून सहा, सात, आठ असे पुढे मोजू लागते, आणि हा बदल बोटे लपवायला लावल्याने नव्हे, तर पुरेशी मोजणी झाल्यावर येतो. बंदी घातली की मुले बाकाखाली मोजतात आणि नेमके कुठे चुकते ते शिक्षकाला दिसेनासे होते.

लेखात दहाच्या जोड्यांचा, म्हणजे ८ आणि २ अशा मिळून दहा होणाऱ्या संख्यांचा, उल्लेखही नाही, याचे मला अधिक वाईट वाटले. ८ अधिक ५ करताना पाचातले दोन आठला देऊन दहा करायचे आणि उरलेले तीन मिळवायचे, हे ज्याला उमगले त्याला पुढे हातच्याची बेरीज जड जात नाही. हे दाखवायला चिंचोके पाच-पाचच्या दोन ओळींत मांडले तरी पुरते. (काजूच्या बिया आपल्याकडे मुबलक असल्या, तरी त्यांच्या सालीतील तेलाने कातडी भाजते, म्हणून त्या टाळाव्यात.) केंद्र सरकारच्या, २०२१ साली सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाने पायाभूत संख्याज्ञानासाठी तिसरीच्या अखेरपर्यंतचा अवधी धरला आहे, पहिलीतल्या मुलाला तोंडी उत्तराची घाई करणाऱ्या पालकांना लेखकाने हे सांगायला हवे होते.