फॉर्मॅट मारण्याआधी

नागपुरात पाहुणा उठला तरी दारात अर्धा तास बोलल्याशिवाय जात नाही. कॉम्प्युटरवरच्या गेमला एवढीही रीत नाही. ऐन मोक्याला आवाज अडकतो, पडदा काळा होतो आणि समोर डेस्कटॉप. ना एरर, ना ‘येतो’. मग गल्लीतला जो तो एकच औषध सांगतो, ‘फॉर्मॅट मार ना बे!’ म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्यानं टाक. या औषधावर माझा भारी राग आहे. फॉर्मॅटनं आजार जाईलच असं नाही, पुरावा मात्र हमखास जातो.

आधी नेमकं काय बंद पडून राहिलं ते पाहा. अख्खा कॉम्प्युटरच बंद होत असेल तर संशय एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा), घरची लाइन आणि उष्णतेवर घ्या. ६०० व्हीएचा घरगुती यूपीएस साधारण ३६० वॅट पेलतो. लाइट गेली तेव्हा ग्राफिक्स कार्ड भरात असलं, की तो हात वर करतो.

विंडोज ठणठणीत आणि गेमच तेवढा मेला असेल, तर स्टार्टमध्ये ‘इव्हेंट व्ह्यूअर’ शोधा. विंडोज लॉग्ज, त्यात ॲप्लिकेशन, त्यात गेम पडला त्या वेळेची १००० क्रमांकाची लाल नोंद. तिच्यात ‘फॉल्टिंग मॉड्यूल’ असतं, म्हणजे गेम कुठल्या फाइलपाशी कोसळला ते. तिथे गेमच्याच फाइलचं नाव असेल तर गेम जिथून घेतला त्या स्टीममधून फाइल्स व्हेरिफाय करा, मॉड (गेममध्ये बाहेरून घातलेले बदल) काढा, ओव्हरले (गेमवर तरंगणाऱ्या दुसऱ्या ॲपच्या खिडक्या) बंद करा. ग्राफिक्स ड्रायव्हरचं, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचं नाव असेल, किंवा शेजारच्या सिस्टीम लॉगमध्ये ४१०१ ची (ड्रायव्हर अडकल्याची) नोंद सापडली, तर ड्रायव्हर मुळापासून काढा: विंडोज सेफ मोडमध्ये उघडून, डीडीयू या ड्रायव्हर साफ करणाऱ्या प्रोग्रामनं, आणि इंटरनेट तोडून. इंटरनेट चालू राहिलं, तर तुम्ही नवा ड्रायव्हर टाकेपर्यंत विंडोज आपल्या मनानं भलताच टाकून मोकळं होतं.

दर वेळी वेगळंच मॉड्यूल दिसलं, तर संशय रॅमवर. बायोसमध्ये (विंडोजच्या आधीची मदरबोर्डची सेटिंग) एक्सएमपी, म्हणजे रॅम जादा वेगानं पळवणारी सोय, बंद करून खेळा आणि मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्राम रात्रभर चालवा. त्यात एक चूक निघाली तरी ती एक फार झाली.

सगळ्यात खोटारडा संदेश ‘आउट ऑफ व्हिडिओ मेमरी’, म्हणजे ग्राफिक्स कार्डची मेमरी संपली. बिचारं ग्राफिक्स कार्ड शिव्या खातं आणि दोषी कधी कधी प्रोसेसर असतो. इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीतल्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांत जादा व्होल्टेजमुळे गडबड होते, हे २०२४ मध्ये कंपनीनंच मान्य केलं. बायोस अपडेट करा. चिप आधीच बिघडली असेल तर अपडेटनं सुधरत नाही, वॉरंटीच गाठावी लागते.

आता नवतपा, म्हणजे मे सरतानाचे भाजून काढणारे नऊ दिवस. पारा पंचेचाळीसला टेकला की लोक कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर सोडतात. काहून? त्यातून धूळ जाते, ओल जाते, तुषार उडाले तर क्षारही. त्यापेक्षा फिल्टर धुऊन वाळवा, हीटसिंकवर (चिपची उष्णता ओढणाऱ्या धातूच्या पात्यांवर) ब्लोअर मारा, आणि मारताना पंखा बोटानं धरून ठेवा. फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) साठवर बांधला तरी कार्ड बरंच निवतं.

एक दुखणं खास आपल्यासारख्यांचं. विंडोजच्या युझर फोल्डरचं नाव देवनागरीत असलं, की काही गेम, त्यातही जुने, सेव्ह करतानाच आडवे होतात. सेटिंगमधून नाव बदललं तरी फोल्डर जुनाच राहतो. रोमन अक्षरांत नवा युझर उघडावा लागतो. मातृभाषेचं प्रेम वॉलपेपरवर दाखवा. आणि जुने सेव्ह आधी कॉपी करून घ्या, नाहीतर गेम चालेल, पण पहिल्या लेव्हलपासून.