तोतया कुणाचा?

मुखवटा घालून गाणारा रॅपर डूम कधी कधी मंचावर आपल्याऐवजी मुखवट्यातला दुसराच माणूस पाठवायचा; त्या तोतयांचा विषय काल संध्याकाळी वाचनालयाच्या पायऱ्यांवर पुन्हा निघाला आणि नेहमीप्रमाणे तो सुहासनेच काढला. तिकीट काढून आलेल्या माणसासमोर मुखवटा घालून भलत्यालाच उभे करणे ही शुद्ध फसवणूक आहे, हे त्याचे मत बरेच जुने आहे. सुहास कोणतेही गाणे ऐकण्याआधी ते किती जणांनी ऐकले आहे हे पाहतो. "डूमसारखा स्वतंत्र कलाकार म्हणजे ज्याला एकाही कंपनीने दारात उभे केले नाही तो," असे त्याने हात झटकून जाहीर केले.

"दारात कशाला, कंपनीने त्याला घरात घेतले होते," अनघा म्हणाली. "केएमडी या त्याच्या आधीच्या गटाचा पहिला अल्बम १९९१ मध्ये इलेक्ट्रा या बड्या कंपनीनेच काढला. दुसऱ्याचे काम चालू असताना १९९३ मध्ये त्याचा धाकटा भाऊ सबरॉक मोटारीखाली गेला. पुढच्याच वर्षी मुखपृष्ठावरून वाद झाला आणि तयार अल्बम अडवून कंपनीने त्याला बाहेर काढले. वंशद्वेषी व्यंगचित्रातला बाहुला फासावर लटकवलेला त्या चित्रात होता, आणि वंशद्वेषालाच फाशी दिली आहे हे कुणाला दिसले नाही. भाऊ गेला, कामही गेले. स्वतंत्र होण्याची हौस कुठली आली त्यात?"

यावर सुहास काही बोलला नाही. काही वर्षे दिसेनासा झालेला डॅनियल डुमिले, म्हणजेच डूम, न्यू यॉर्कच्या न्यूयोरिकन पोएट्स कॅफेत चेहऱ्यावर नायलॉनचा पातळ मोजा ओढून उभा राहिला, आणि १९९९ मध्ये बॉबिटो गार्सियाच्या 'फॉन्डल एम' या छोट्या रेकॉर्ड कंपनीकडून 'ऑपरेशन: डूम्सडे' हा अल्बम घेऊन आला, हे आम्हा सगळ्यांना पाठ आहे. तरीही ते आठवले की माझ्या अंगावर काटा येतो.

भजनी मंडळात ढोलकी वाजवणाऱ्या बाबूदादाने फोन रिकाम्या स्टीलच्या पेल्यात उभा केला आणि त्यातले 'डूम्सडे' हे गाणे लावले. गायिका शादेच्या 'किस ऑफ लाइफ'मधला मऊ तुकडा कापून फिरत ठेवलेला, त्याखाली ड्रमचा जाड ठोका, आणि वर घोगरा, घाई नसलेला आवाज. "हे बघ, इथे ओळ संपायला हवी होती," पायरीवर बोटाने मात्रा मोजत बाबूदादा म्हणाला, "पण तो संपवत नाही. यमक ओळीच्या पोटात टाकतो, मग पुढच्या ओळीच्या पोटात. मोरोपंतांनी मान डोलावली असती." २००४ च्या 'मॅडव्हिलनी' या अल्बममध्ये संगीत मॅडलिब या संगीतकाराचे आहे, पण पाऊण तासात बावीस तुकडे आणि ध्रुवपद जवळजवळ कुठेच नाही, ही हिंमत मोठ्या कंपनीने त्याला करू दिली असती असे मला वाटत नाही.

"ध्रुवपदच नाही तर लोकांनी गुणगुणायचे काय?" सुहासने विचारले, आणि लगेच मूळ पदावर आला. "२००७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत लोकांनी पैसे मोजले ते कुणासाठी? हा सरळ भाऊसाहेबांचा तोतया झाला."

"तो तोतया स्वतःहून भाऊसाहेब म्हणवत होता," अनघा म्हणाली. "इथे तर भाऊसाहेबांनीच तोतया पाठवला आहे!"

आपण लेखक आहोत आणि दिग्दर्शकही, पात्र कुणी रंगवायचे ते आपण ठरवणार, असे डूमचे म्हणणे होते. बाबूदादाचे आजोळ जव्हारचे. तो म्हणाला की बोहाड्यात, म्हणजे तिथल्या सोंगांच्या उत्सवात, मुखवटा चढला की आत कोण आहे हे कुणी विचारत नाही, देव आला असेच म्हणतात. "बोहाड्याला तिकीट नसते," सुहास म्हणाला, आणि संध्याकाळभरात त्याचे हे एकच वाक्य मला पटले. खर्च करून, प्रवास करून आलेल्या त्या श्रोत्यांचा राग खराच होता. पण चेहरा बघायला येऊ नका, शब्द ऐका, हे तो माणूस पहिल्या दिवसापासून सांगत होता. ३१ ऑक्टोबर २०२० रोजी लीड्समध्ये तो गेला, आणि ती बातमीसुद्धा जगाला ३१ डिसेंबरलाच कळली.

थोडा वेळ सगळेच गप्प होते. मग अनघाने विचारले, "सुहास, गणपतीत खुद्द गायक येणार म्हणून तू घरोघरी वर्गणी मागितलीस, तेव्हा शेवटी मंचावर कोण आले होते?"

"पण त्याचा आवाज हुबेहूब होता!" सुहास उसळून म्हणाला, आणि बाबूदादाला हसताना इतका ठसका लागला की पेला फोनसकट पायऱ्यांवरून गडगडत खाली गेला.